४५ पैसे आणि 'येतो'

नागपूरहून पुण्याचं तिकीट काढायचं म्हणजे सकाळी आठच्या आधी मोबाईल चार्ज करून बसायचं. आठला बुकिंग उघडतं आणि सणासुदीच्या दिवसांत पाच-दहा मिनिटांत वेटिंग लागतं. त्या घाईत आपण नाव, वय, लोअर बर्थ, जेवण हवं की नको, अशा प्रश्नांची उत्तरं देत सुटतो. त्यातच एक प्रश्न येतो : प्रवास विमा हवा का? होय किंवा नाही. माणशी ४५ पैसे.

मी कित्येक वर्षं 'नाही' दाबत आले. विचार करून नव्हे. भाजीवाल्याने पिशवी विचारली की जसं तोंडातून 'नको' निघतं, तसंच. पैशांचा प्रश्न नव्हताच. ४५ पैसे ही रक्कम तर आज हातात धरताही येत नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. म्हणजे कुणी ठरवलं, की हे ४५ पैसे मी रोख मोजून देईन, तरी ते शक्य नाही. मग मी नेमकं काय वाचवत होते?

हा प्रश्न मला ४५ पैशांनी विचारला नाही. तो विचारला बाबांच्या एका फॉर्मने. पण त्याकडे नंतर येते. आधी हे ४५ पैसे काय आहेत ते बघू.

रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर हा ऐच्छिक विमा सप्टेंबर २०१६मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचा हप्ता ९२ पैसे होता. मध्यंतरी डिजिटल व्यवहार वाढावेत म्हणून तो फुकट होता. १ सप्टेंबर २०१८पासून पुन्हा पैसे लागू झाले आणि घ्यायचा की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं, असं झालं. पुढे दर खाली-वर होत राहिला. २ जून २०२३ला ओडिशात बालासोरजवळ अपघात झाला, तेव्हा तो ३५ पैसे होता. नंतर ४५ पैसे झाला. त्या बदल्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर साडेसात लाख, दवाखान्याच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत, आणि मृतदेह घरी नेण्यासाठी १० हजार रुपये.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. कुणीतरी टेबलावर बसून हाही खर्च धरला होता. आपण तिकीट काढताना ज्या गोष्टीचा उच्चारही करत नाही, तिचा भाव तिथे लिहिलेला होता.

*

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं, की आजी दारातून परत आत बोलवायची, पाणी प्यायला लावायची आणि पुन्हा नीट म्हणवून घ्यायची. परीक्षेला निघताना, गावाला निघताना हातावर दही. हा आमच्या घरचा प्रवास विमा. हप्ता, एक चमचा दही. पॉलिसी एका शब्दाची : 'येतो'.

विम्याचा फॉर्म नेमका याच्या उलट बोलतो. 'समजा, तू आलाच नाहीस,' तो म्हणतो, 'तर पैसे कुणाला द्यायचे?' दारात उभं राहून असं कुणी विचारलं असतं तर आजीने त्याला हाकलून दिलं असतं. म्हणून मला वाटतं, आपल्यातले बरेच जण विमा नाकारतात ते कंजुषीमुळे नाही. त्या प्रश्नाकडे बघायचं नसतं म्हणून. 'नाही' दाबलं की तो प्रश्न निघून जातो. पैसे वाचल्याचा आनंद वरून मिळतो.

आणि हेही खरं, की विकणाऱ्यांना आपली ही दुखरी जागा बरोबर माहीत असते. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना विचारलं होतं, की विमानप्रवासात मृत्यू आला तर मोठी रक्कम देणाऱ्या विम्यासाठी तुम्ही किती पैसे द्याल? मृत्यू दहशतवादी कृत्यामुळे आला तरच पैसे मिळतील, अशा विम्यासाठी लोक सरासरी सुमारे १४ डॉलर द्यायला तयार होते. कोणत्याही कारणाने आला तरी पैसे मिळतील, अशा विम्यासाठी सुमारे १२. आता 'कोणत्याही कारणाने' यात दहशतवाद आलाच की. तरी लोकांनी कमी संरक्षणाला जास्त भाव दिला, कारण त्याचं चित्र डोळ्यासमोर स्पष्ट उभं राहिलं. आपण धोक्याचे पैसे देत नाही, धोक्याच्या चित्राचे देतो.

भारत सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ला ग्राहकांना फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात तुमच्या नकळत बिलात एखादी वस्तू घुसवण्याला मनाई आहे. आणि आणखी एका प्रकाराला आहे : तुम्हाला लाज वाटेल अशा शब्दांत 'नाही'चं बटण लिहिण्याला. तिथे दिलेलं एक उदाहरण विमान तिकिटाच्या विम्याचंच आहे. विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' असं लिहिलेलं बटण दाबायला लावायचं. म्हणजे नाकारायचं तर आधी स्वतःला बेजबाबदार म्हणवून घ्यायचं.

तेव्हा 'प्रत्येक वेळी होय दाबा' असा उपदेश करायला मी हे लिहीत नाहीये. भीती घालून विकलेल्या गोष्टीला 'नको' म्हणणं हा शहाणपणाच आहे. प्रश्न असा, की कोणतं 'नको' शहाणपणाचं आणि कोणतं नाही?

*

हिशेब करणारा मित्र प्रत्येकाला असतो. माझाही आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे : "विमा कंपनी धर्मादाय संस्था नाही. ती हप्त्यांत जेवढं गोळा करते, त्यातून पगार, जाहिरात, एजंटचं कमिशन आणि नफा काढून उरलेलं क्लेममध्ये वाटते. म्हणजे सरासरी माणूस यात पैसे घालवतो. मग न घेणं हीच बचत."

त्याचं गणित बरोबर आहे. चूक एकाच शब्दात आहे : सरासरी. सरासरी माणसाचा पाय मोडत नाही. मोडला तर कुणातरी एकाचा अख्खा मोडतो. विमा म्हणजे एक प्रकारची भिशी. फरक इतकाच, की भिशीत आपला नंबर कधी लागतो याची वाट बघायची असते, आणि इथे तो कधीच लागू नये अशी इच्छा असते. ज्याचा लागला नाही तो पैसे गमावून बसला असं नाही. ज्याचा लागला त्याच्या घरी त्याचे पैसे गेले.

ही कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कर्जावरच्या व्याजाचे दर दिले आहेत. साधं धर्म्य व्याज महिन्याला शेकडा सव्वा पण, व्यापारासाठी ५, जंगलातून माल नेणाऱ्यांसाठी १०, समुद्रावर जाणाऱ्यांसाठी २०. एवढा फरक का? कारण जंगलात आणि समुद्रात माणूस आणि माल परत येण्याची खात्री कमी. सावकार व्याजातच धोक्याची किंमत लावत होता. प्रवास जितका अनिश्चित, तितका पैसा महाग.

इंग्लंडमध्ये रेल्वे आली आणि १८४९मध्ये रेल्वे प्रवाशांसाठी अपघात विमा विकणारी रेल्वे पॅसेंजर्स अॅश्युरन्स कंपनी निघाली. तिकिटाच्या खिडकीवरच विमा मिळायचा. पहिल्या वर्गाला ३ पेन्स, मृत्यू आला तर १००० पौंड. दुसऱ्या वर्गाला २ पेन्स, ५०० पौंड. तिसऱ्या वर्गाला १ पेनी, २०० पौंड. एकाच गाडीत, एकाच अपघातात. मुंबईहून निघालेली रेल्वे नागपुरात पोचली १८६७मध्ये, त्याच्या अठरा वर्षं आधीच तिकडे माणसाच्या जिवाचे डब्यानुसार तीन भाव लागले होते.

आपण हसतो, पण मग आपल्याकडे बघू. आज एसीत बसा किंवा स्लीपरला, ४५ पैशांत मिळणारे १० लाख तेच. या बाबतीत आपण १८४९च्या पुढे आलो. पण हा विमा फक्त ऑनलाइन काढलेल्या आरक्षित तिकिटावर मिळतो. जनरलच्या डब्यात दारापाशी वर्तमानपत्र पसरून बसलेल्या माणसाला तो प्रश्न कुणी विचारतच नाही. बालासोरला २९०हून अधिक माणसं गेली. आरक्षित डब्यातल्यांची नावं यादीत होती. जनरलच्या डब्यांची यादीच नसते. काही मृतदेहांची ओळख अनेक महिने पटली नाही, आणि शेवटी ते बेवारस म्हणूनच जाळले गेले. आपण ४५ पैसे वाचवायचे की नाही यावर निबंध लिहितो, कारण आपल्याला तो पर्याय आहे.

त्या माणसाला काहीच मिळत नाही असं मात्र नाही, आणि हे माहीत असायला हवं. रेल्वे कायदा, १९८९ नुसार अपघातात किंवा गाडीतून पडून मृत्यू झाला तर भरपाई मागता येते. त्यासाठी विमा काढलेला असावा लागत नाही, रेल्वेची चूक सिद्धही करावी लागत नाही. १ जानेवारी २०१७पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा. त्याचं एक खंडपीठ आपल्या नागपुरातच आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये रीना देवी खटल्यात सांगितलं, की मृताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हताच असं ठरवता येणार नाही. हा हक्क आहे. तो टिक करून विकत घेतलेला नाही. विमा त्याच्या वर आहे, त्याच्या जागी नाही. 'तुम्ही होय दाबलं नव्हतं' असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका, एवढ्यासाठी हे लिहिलं.

*

लाल परीचा रस्ता वेगळा आहे. एसटीने २०१६पासून तिकिटात १ रुपया अपघात सहायता निधीसाठी घ्यायला सुरुवात केली आणि अपघाती मृत्यूची मदत १० लाखांपर्यंत वाढवली. तिथे होय-नाही नाही. काटोलला जाणारी म्हातारी असो की पुण्याला जाणारा इंजिनिअर, रुपया कापला जातो. तुम्हाला कुणी विचारत नाही आणि त्यामुळे तुम्हाला 'नको' म्हणताही येत नाही.

यातलं बरं कोणतं? माझा हिशेबी मित्र म्हणेल रेल्वेचं, कारण तिथे माझी संमती घेतली जाते. माझं मन मात्र एसटीकडे झुकतं. त्या रुपयात एक न बोललेली गोष्ट आहे : या बसमधल्या चाळीस जणांपैकी कुणावर काय वेळ येईल माहीत नाही, ज्याच्यावर येईल त्याच्यासाठी बाकीच्यांनी आधीच थोडं काढून ठेवलंय. टिकच्या चौकटीत मी फक्त माझा विचार करते. तिकिटातल्या रुपयात माझा विचार शेजारच्या सीटवरचा अनोळखी माणूस करतो आणि त्याचा मी.

पण संमती ही काही फालतू गोष्ट नाही. प्रत्येक गोष्टीत 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणून पैसे कापले गेले तर आपण चिडू, आणि चिडायलाच हवं. कायद्याने यात एक रेघ ओढली आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा ऐच्छिक. म्हणजे तुझ्यामुळे दुसऱ्याचं नुकसान होणार असेल तर तिथे तुला काटकसर करता येणार नाही. तुझं तुझं नुकसान होणार असेल तर तू ठरव.

रेघ सोपी वाटते. पण 'तुझं तुझं नुकसान' असं खरंच काही असतं का?

१ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. नागपूर, वर्धा, यवतमाळची. त्यात नोकरीसाठी, शिक्षणासाठी पुण्याला निघालेली तरुण मुलं होती. ओळख पटवणं इतकं अवघड होतं, की जवळजवळ सगळ्यांवर बुलढाण्यातच एकत्र अंत्यसंस्कार झाले. राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले.

विदर्भातल्या ज्या-ज्या घरचं कुणी पुण्याला आहे, त्या प्रत्येक घरात त्या सकाळी फोन वाजला. आमच्याकडेही वाजला. आईने 'कुठं हायेस तू?' एवढंच विचारलं आणि मी 'रूमवर' म्हटल्यावर ती काही न बोलता रडली. माझं जाणं हे 'माझं नुकसान' नाही, हे मला त्या फोनवर कळलं. मी गेले तर मला काहीच वाटणार नाही. वाटणार ते तिला. शिक्षणाचं कर्ज माझ्या नावावर, पण जामीनदार बाबा.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. कोणताही विमा रस्ता सुरक्षित करत नाही. रात्रभर गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला झोप देत नाही, बसचा संकटकालीन दरवाजा उघडत नाही. ही जबाबदारी ज्यांची आहे त्यांचीच. ती प्रवाशाच्या चौकटीत ढकलून कुणी मोकळं होऊ नये. विमा अपघात थांबवत नाही. अपघातानंतर घरच्यांच्या मागे बँकेचा फोन लागू नये, एवढंच तो करतो. एवढंच, पण ते थोडं नाही.

*

आता बाबांचा फॉर्म.

ताई डलासला असते. तिला मूल झालं तेव्हा आई-बाबांनी तीन महिन्यांसाठी जायचं ठरलं. नागपूरहून दोहा, तिथून पुढे. बाबा ६३ वर्षांचे, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार. युरोपात जायचं असतं तर प्रश्नच नव्हता. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तशी अट नाही. म्हणजे इथे काटकसरीला जागा होती.

तरी विमा काढायचं ठरलं, आणि तो भरायचं काम माझ्याकडे आलं. मी तीन-चार कंपन्यांचे भाव शेजारीशेजारी ठेवून बसले. मग तो रकाना आला : रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, यांपैकी काही आहे का? 'होय' म्हटलं की आमच्या दोघांच्या मिळून हप्त्यात ४,२०० रुपये वाढत होते.

बाबा मागे उभे होते. म्हणाले, "बीपीचं कायले लिहितं? बीपी आजकाल कोणाले नसते? रोज गोळी घेतो न मी."

मी म्हटलं, "बाबा, विचारलंय त्यांनी."

"ते तं विचारतेच. तू नाई लिही."

मी 'नाही' लिहिलं. चार हजार दोनशे रुपये वाचले. त्यातून बाळासाठी चांदीचे वाळे आले. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं हुशार वाटलं.

आजही या बाजूने मी चांगला युक्तिवाद करू शकते. कंपनी काय साधी आहे का? बारीक अक्षरात वीस पानांच्या अटी ती टाकते. क्लेम आला की कारणं शोधते. जो आपल्याशी प्रामाणिक नाही, त्याच्याशी आपण का राहायचं? शिवाय बाबांचं बीपी खरोखरच आटोक्यात होतं. ही काय फसवणूक झाली?

१७६६मध्ये लंडनच्या न्यायालयात लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यासमोर एक खटला आला होता. सुमात्रातल्या एका इंग्रजी किल्ल्याच्या गव्हर्नरसाठी, किल्ला शत्रूच्या हाती पडला तर, असा विमा काढलेला होता. किल्ला पडला. विमा देणाऱ्याने तक्रार केली, की किल्ला किती कमकुवत होता हे मला सांगितलं नाही. त्या प्रकरणात निकाल गव्हर्नरच्या बाजूने लागला, पण त्यात सांगितलेलं तत्त्व पुढे जगभर विम्याचा पाया ठरलं : हा व्यवहार विश्वासावर उभा आहे, कारण खास माहिती बहुतेक वेळा एकाच बाजूकडे असते, आणि ती दोघांपैकी कुणीही लपवायची नाही. दोघांपैकी कुणीही. बारीक अक्षरवाल्या कंपनीनेही नाही, आणि बीपीवाल्या बाबांनीही नाही.

पण हे सगळं मी नंतर वाचलं. त्याआधी जे झालं ते असं.

डलासला पोचून पाच आठवडे झाले होते. एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांनी आईला उठवलं नाही, ताईला हाक मारली नाही. सोफ्यावर जाऊन बसले. पहाटेपर्यंत बसून राहिले. सकाळी ताईने त्यांचा चेहरा बघितला आणि न विचारता गाडीत घातलं. तपासण्या झाल्या. हृदयाचं काही निघालं नाही, पित्त होतं. बिल आलं ते ताईने आणि जावयाने भरलं. क्लेम करायची कुणाची हिंमतच झाली नाही, कारण पहिल्याच पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं : आठ वर्षांपासून रक्तदाबाचा रुग्ण.

परत आल्यावर मी बाबांना विचारलं, "रात्रभर का बसून राहिलात? हाक मारायची ना."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण फॉर्ममंधी लिवलं नव्हतं न. मले वाटलं, दवाखान्यात नेलं तं पोरीचं घर बसन. म्हटलं सकाळपर्यंत पाहू."

ते पित्त नसतं तर?

मी तो फॉर्म भरताना मला वाटलं होतं, की मी कंपनीला फसवतेय. कंपनीला काहीच झालं नाही. तिच्याकडे वकील आहेत, अटी आहेत, आणि आमचं खोटं तिच्याच फायद्याचं ठरलं. माझ्या खोट्याची किंमत एका ६३ वर्षांच्या माणसाने परक्या देशात, अंधारात सोफ्यावर बसून, घड्याळाकडे बघत मोजली. दुखतंय हे सांगण्याचा त्याचा हक्कच मी ४,२०० रुपयांना विकला होता.

*

त्यानंतर मी बचतीसाठी एक साधी कसोटी लावते. वाचवलेल्या प्रत्येक रुपयाबद्दल विचारायचं : वेळ आली तर हे पैसे कोण भरणार? उत्तर 'मीच' असेल, आणि मला ते झेपणार असेल, तर ती बचत. उत्तर 'दुसरं कुणीतरी' असेल, आणि त्याला मी विचारलेलं नसेल, तर ती बचत नाही. ते न सांगता घेतलेलं उसनं आहे.

या कसोटीने खूप पैसे खरोखर वाचतात. बॅग बारा तास उशिरा आली तर? दोन टी-शर्ट मी घेऊ शकते, तो भाग मला नको. लहान खर्च स्वतः भरायची तयारी दाखवली, की परदेशच्या पॉलिसीचा हप्ता उतरतो. दाखवा. वर्षात तीन वेळा बाहेर जाणार असाल तर वर्षभराची एकच पॉलिसी बहुतेकदा स्वस्त पडते. नोकरीच्या ठिकाणचा विमा किंवा कार्डावरचा विमा आधीच काय देतो ते वाचा, एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देऊ नका. तिकिटाच्या पानावर लाज घालून पुढे केलेला विमा घेण्याआधी बाहेरचे भाव बघा. ही सगळी चांगली काटकसर आहे, कारण यातला प्रत्येक धोका मी माझ्या खांद्यावर घेते.

पण दवाखान्याच्या रकमेत काटकसर करायची नाही. आजाराच्या रकान्यात करायची नाही. ज्याच्या मागे जामीनदार आहे, त्याने अपघाताच्या रकमेत करायची नाही. तिथे खांदा आपला नसतो.

आणि ज्याच्याकडे ते ४,२०० रुपये नसतातच? त्याच्या 'नाही'ला मी उसनं म्हणणार नाही. ज्याला निवडच नाही, त्याला नीती शिकवणं हा आगाऊपणा आहे. त्याच्यासाठी एसटीच्या रुपयासारखं काहीतरी हवं, जिथे बाकीच्यांनी न विचारता त्याचाही वाटा काढून ठेवलेला असतो. माझी कसोटी फक्त माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना पैसे वाचवून हुशार वाटतं.

*

परवा पुन्हा सकाळी आठ वाजता तिकीट काढलं. 'होय' दाबलं. पी.एन.आर.च्या मागोमाग विमा कंपनीचा मेसेज आला. त्यात एक लिंक असते : नॉमिनीचं नाव भरा. न भरल्यास रक्कम कायदेशीर वारसांना मिळते, म्हणजे त्यांना आपण वारस आहोत हे कागदांनी सिद्ध करावं लागतं. इतक्या वर्षांत मी ती लिंक कधी उघडली नव्हती. यावेळी उघडली.

नाव. नातं. मी आईचं नाव टाकलं. नात्याच्या रकान्यात 'आई' निवडलं. एका मिनिटाचं काम होतं, पण हात थांबला. आजीला जे नको होतं तेच मी लिहीत होते. दारात उभी राहून 'जाते' म्हणत होते.

मग वाटलं, आजी तरी काय करत होती? दह्याने अपघात टळतो असं तिलाही खरंच वाटत नसावं. ती एवढंच सांगत होती, की तू निघालीस तरी तुझ्यामागे कुणीतरी आहे, हे विसरू नकोस. नॉमिनीचा रकानाही तेच विचारतो. फक्त त्याला 'येतो' म्हणता येत नाही, म्हणून तो नाव लिहायला लावतो.

मी सबमिट दाबलं आणि आईला फोन केला. तिकीट झालं म्हणून सांगितलं. विम्याचं काही बोलले नाही. निघायच्या दिवशी तिने हातावर दही दिलं. मी ते खाल्लं, बॅग उचलली आणि म्हटलं, "येते."